वाफेचे पंधरा घोडे

साकोलीत हायवे सोडून आत वळलं की राईस मिलांची रांग लागते, आणि त्या रांगेत शेवटून दुसरं पत्र्याचं गोदाम प्रतिक्षा मेश्रामचं. बाहेरून पाहाल तर वाटेल, इथं खताची पोती नाही तर बारदाना असणार. पण सकाळी आठच्या सुमारास त्याच्या दारात नागपूरकडच्या बुटक्या, चपट्या, दोन दारांच्या गाड्या उभ्या असत, आणि शाळेत जाणारी पोट्टी सायकली लावून त्यांचे फोटो काढत बसायची. मग मास्तरांच्या शिव्या खायची.

तिथं काम काय चालतं, ते आधीच सांगितलेलं बरं. आजकालच्या गाडीत इंजिनाला एक मेंदू बसवलेला असतो, छोटा कॉम्प्युटर. पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी पाडायची, टर्बोनं हवा किती कोंबायची, सगळं त्याच्यात लिहिलेलं. कंपनी ते लिहिते भीत-भीत, सगळ्यांना चालेल असं. प्रतिक्षा ते नव्यानं लिहायची, त्या एका गाडीपुरतं. आणि लिहिलेलं चाकापर्यंत पोचलं की नाही हे बघायला तिनं जमिनीत दोन जाडजूड लोखंडी रोलर बसवले होते. त्याला म्हणायचं डायनो. गाडी त्यावर चढवायची, चारी बाजूंनी पट्ट्यांनी आवळायची आणि जागच्या जागी दीडशे-पावणेदोनशेच्या वेगानं पळवायची. चाकं रोलरला किती जोर लावतात त्यावरून पडद्यावर आकडा येतो, इतके हॉर्सपॉवर म्हणून. साकोलीत त्याला सरळ 'घोडे' म्हणत.

हे काम ती कोइमतूरला सहा वर्षं शिकली. तिथल्या दुकानानं नवा डायनो घेतला, तेव्हा जुना हिनं मागून घेतला आणि ट्रकवर लादून गावी आणला. लोक म्हणाले, पोरीचं डोकं फिरलं. तिचे वडील संघपालबाबा एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले. ते तेवढे काही बोलले नाहीत, त्यांनी सब्बल घेतली आणि गोदामाची फरशी फोडायला लागले. गाडीला पट्टे आवळायचं काम आता त्यांचंच. आवळून झाला की पट्ट्यावर दोन बोटं मारून आवाज ऐकायचे, आणि मगच मान हलवायचे. त्यांनी मान हलवल्याशिवाय प्रतिक्षा गाडी सुरू करत नसे.

दोन वर्षांत तिचं नाव झालं, आणि झालं ते एकाच गोष्टीमुळं. पोरगी आकडा फुगवून देत नाही. या धंद्यात ते फार दुर्मीळ, बरं का. गिऱ्हाईक खूश व्हावं म्हणून दहा-वीस घोडे कागदावर वाढवून देणारे गल्लोगल्ली पडलेत. दिवाळीत नागपूरच्या शौकिनांनी क्लब काढला तेव्हा नियमच केला की साकोलीच्या कागदावर दोनशे साठ घोडे असले तरच आत. तेवीस गाड्या आत गेल्या. तेवीसच्या तेवीस कागदांवर प्रतिक्षाची सही. तिला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोला.

भूपेश मात्र बाहेर राहिला.

भूपेश जवळच्याच करडी गावचा. घरचा धंदा तलावातल्या मासोळीचा. पहाटे चारला जाळं ओढायचं, उजाडेपर्यंत रोहू-कतला पेट्यांत बर्फात भरायचे आणि पिकअप घेऊन नागपूरचा बाजार गाठायचा, हा त्याचा रोजचा नेम. कधीतरी लहानपणी त्यानं मासिकात फोटो पाहिला असेल गाडीचा, तो त्याच्या डोक्यातून गेलाच नाही. पस्तिशीला आल्यावर हैदराबादहून एक निळी, दोन दारांची, जुनी पण धडधाकट गाडी त्यानं आणली. रोज धुवायचा. बायको, नीतू, म्हणायची, एवढं मला न्हाऊ घातलं असतं तर मी गोरी झाले असते. क्लबातले लोक गाडी बघायचे, छान म्हणायचे आणि मग विचारायचे, "बर्फ कुठं ठेवतो बे हिच्यात?" भूपेश त्यांच्याबरोबर हसायचा. कानाच्या पाळ्या मात्र लाल व्हायच्या.

त्याची गाडी दोनशे सत्तावन्नवर अडली होती. तीन घोडे कमी.

नोव्हेंबरपासून चार वेळा तो दुपारी बाजार आटोपून, गाडी घेऊन साकोलीला आला. चारही वेळा दोनशे सत्तावन्न, फार तर वर-खाली अर्धा. क्लबचा प्रमुख अखिलेश फोनवर गोड बोलायचा. "नियम म्हणजे नियम ना, भूपेश. एकासाठी खाली आणला तर मग नियम कशाला? तीन घोडे घेऊन ये, त्याच दिवशी घेतो तुला."

"ताई, तीनच त पाहिजेत," भूपेश प्रतिक्षाला म्हणायचा. "बारक्या पोट्ट्यायनं ओढले तरी येतीन तीन घोडे."

डिसेंबरात तिनं करून पाहिलं. ठिणगी एक अंश लवकर पाडली. पडद्यावर आकडा तसूभर हलला, पण कानाला लावलेल्या हेडफोनात खडा डब्यात वाजावा तसा ठोका आला, टक् टक्. तिनं ताबडतोब पाय काढला.

"हे आयका," तिनं हेडफोन त्याच्या कानाला लावला. "इंजिन सांगून राहिलं, बस झालं. याच्यापुढं नेलं त पिस्टनले भोक पडन. तीन घोड्यासाठी अख्खं इंजिन घालवता का?"

भूपेशनं ऐकलं. समजदार माणूस. पण तोंड असं उतरलं की संघपालबाबांनी न विचारता चहा ठेवला.

"संक्रांतीनंतरच्या रविवारी त्यायची दौड आहे," तो कपात बघत म्हणाला. "जुन्या धावपट्टीवर. गाड्या ओळीनं लागणार. माझ्या गाडीले तेवढी एक जागा पाह्यजे होती, ताई. जिंका-हारायचं नाही मले. ओळीत उभं राह्यचं होतं."

प्रतिक्षाला त्याचं फार वाईट वाटलं. पण वाईट वाटून घोडे येत नाहीत. तिनं मॅप, म्हणजे मेंदूतलं ते लिखाण, होता तसा परत भरला आणि गाडी खाली उतरवली.

संक्रांत झाली आणि तिसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी साडेसातलाच निळी गाडी दारात. जाळं त्या दिवशी त्याच्या आईनं, शकुनबाईंनी, गड्यांना घेऊन ओढायचं कबूल केलं होतं.

"सगळे म्हनतात सकाळी गाडी जास्त घोडे देते. म्हनलं, आपुन बी सकाळी चढवून पाहू."

"काही होत नाही त्यानं, भाऊ," प्रतिक्षा शाल सावरत म्हणाली. थंडी कडक होती. "गरम, दमट हवेत इंजिन दमते, त त्याच्या बदली डायनोचं सॉफ्टवेअर वरून थोडे घोडे मिळवते. थंड हवेत थोडे कापते. म्हंजे सकाळ काय अन् दुपार काय, कागदावर सारखंच यायले पाहिजे."

"सारखं आलं त येऊ द्या. चढवा त खरं."

चढवली. बाबांनी पट्टे आवळले, बोटं मारली, मान हलवली. समोरचा मोठा पंखा सुरू झाला, शटर वर होतं, बाहेरची गार हवा सरळ गाडीच्या तोंडावर. पलीकडं भिंतीला लागून असलेल्या मिलमध्ये धान उकडत होतं. उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाचा तो ओळखीचा वास पहाटेपासून अख्ख्या गल्लीत भरलेला. इंजिन चढत गेलं, चढत गेलं, पत्रे थरथरले, आणि प्रतिक्षानं पाय काढला.

दोनशे बहात्तर.

भूपेशला आधी कळलंच नाही. मग तो असा ओरडला की मिलचे हमाल डोकावून गेले. "दोनशे बहात्तर! बाबा, पाह्यलं का? दोनशे बहात्तर!" त्यानं तिथल्या तिथं नीतूला फोन लावला, मग आईला, मग नागपूरला अखिलेशला. अखिलेशनं उचलला नाही, तर व्हॉट्सॲपवर पडद्याचा फोटो पाठवला. संघपालबाबा हसत होते. "कागद काढू का, बेटा?"

"थांबा, बाबा."

प्रतिक्षा गाडीतून उतरून पडद्यासमोरच्या खुर्चीत बसली होती. आनंद तिलाही झाला असता, पण हिशोब जुळत नव्हता. मॅप तोच. पेट्रोल तेच. गाडी तीच. रात्रीतून पंधरा घोडे गाडीत कुठून आले? कोइमतूरचे उस्ताद म्हणायचे की आकडा आवडला की दोनदा तपासा, नाही आवडला की एकदा. तिनं ते पान उघडलं, जे तिनं इतक्या महिन्यांत कधी उघडलं नव्हतं, कारण उघडायची गरजच वाटली नव्हती. हवेचं पान. तिथं लिहिलं होतं: तापमान चौतीस.

अंगावर शाल, तोंडातून वाफ निघतेय, आणि तापमान चौतीस!

डायनोला जोडलेली, हवा मोजणारी डबी काडेपेटीहून जरा मोठी. गेल्या पावसाळ्यापर्यंत ती बाहेर ओसरीला लावलेली होती. पण साकोलीला वानरं काय कमी आहेत? जंगल हाकेवर. एका आठवड्यात त्यांनी दोनदा वायर तोडली, तिसऱ्यांदा डबीच पळवायला निघाली. तेव्हा प्रतिक्षानं स्वतः, स्वतःच्या हातानं, ती आतल्या कोपऱ्यात खिळ्याला टांगली. मिलच्या भिंतीला. त्या भिंतीत एक जुनी खिडकी होती, पोती कोंबून बंद केलेली. पावसाळ्यात मिलमध्ये उकडणं नसतं, भिंत गार होती.

ती कोपऱ्यात गेली आणि पोत्याला हात लावला. ओलंगच्च. डबी कोमट.

ती मागच्या दारानं मिलमध्ये गेली. उकडायच्या टाक्यांवर भैयाजी होते, गेली वीस वर्षं तेच काम करणारे.

"भैयाजी, वाफ कधी सोडता तुमी?"

"पहाटे पाचले पेटवतो, बाई. अकरा-साडेअकराले बंद. मंग धान वाळत घालाचं. काहून? त्रास होते का तिकडं?"

"दुपारी नाही सोडत कधी?"

"दुपारी कायले? दुपारी उन्हाचं काम." भैयाजींनी कपाळावरचा घाम पुसला. "दिवाळीपासून हेच चालू आहे, पार उन्हाळ्यापर्यंत."

दिवाळीपासून. क्लबही दिवाळीपासून. नागपूरचे लोक पहाटे पाचला निघून आठला पोचायचे, म्हणून सकाळची वेळ त्यांची. तेवीसच्या तेवीस गाड्या सकाळच्या. त्यांच्या कागदांवर इंजिनाचे घोडे होतेच, पण वरचे पंधरा-पंधरा भैयाजींच्या टाकीतले होते. गरम दमट हवेत बिचारं इंजिन दमलं असेल म्हणून सॉफ्टवेअरनं प्रत्येकाला वरून बक्षीस दिलेलं. आणि भूपेश एकटा दुपारी यायचा, मिल गार झाल्यावर. त्याला खरा आकडा मिळत होता.

आकडा फुगवून देत नाही म्हणून जिचं नाव, तिनंच तीन महिने आकडे फुगवून दिले होते, आणि वर सही ठोकली होती.

परत आली तर भूपेश बाबांना पेढा भरवत होता. कोपऱ्यावरून पाव किलो घेऊनही आला होता तेवढ्यात. तिलाही दिला. काही न बोलणं किती सोपं होतं! कागद काढायचा, सही करायची, माणूस ओळीत उभा राहील. इंजिनाला धक्का नाही, कुणाचं नुकसान नाही. आणि तिचं नाव होतं तिथंच. कोणाला कळणार होतं? वानरांना?

तिनं पेढा टेबलावर ठेवला.

"बाबा, ती डबी काढा. बाहेर सावलीत हातात धरून उभे राहा. भाऊ, पुन्हा एकदा पळवू."

दुसऱ्या वेळी आला तो दोनशे सत्तावन्न.

मग तिनं त्याला सगळं सांगितलं, पोत्याला हात लावून दाखवला, पडद्यावरचं पान दाखवलं. भूपेश हुशार, त्याला दोनदा सांगावं लागलं नाही. तो स्टुलावर बसला.

"म्हंजे त्यायचे बी आकडे असेच?"

"सगळ्याईचे."

"मंग मले बी असाच द्या." तो शांतपणे म्हणाला. "त्यायले वाफेचा आकडा चालला. मलेच काहून खरा? मले आत जाऊ द्या, ताई. सोमवारी सांगा सगळ्यायले काय सांगाचं ते."

त्याचं काय चुकत होतं? प्रतिक्षा बाबांकडं बघायला लागली, तर बाबा पट्टे गुंडाळत होते. ही तुझी तूच बघ, असं त्यांच्या पाठीवर लिहिलेलं.

"भाऊ," ती शेवटी म्हणाली, "तवा मले मालूम नव्हतं. ती चूक झाली. आता मालूम असून कागद देल्ला त ती लबाडी होईल. माझ्याच्यानं नाही होणार."

"तुमच्याच्यानं नाही होणार!" आता मात्र त्याचा आवाज चढला. "नोव्हेंबरात मी सकाळची वेळ मांगतली होती, याद आहे? म्हनलं, एखादा दिवस जाळ्याचं पाहून घेईन. तुमी म्हनल्या, सकाळी बाहेरगावचे मोठे लोक येतात, तुमी जवळचे, दुपारी या. आलो मी दुपारी. चारदा आलो. तवा सकाळी घेतलं असतं त मी बी आत असतो आज!"

तो पट्टे सोडायचीही वाट बघेना, स्वतःच सोडू लागला. गाडी काढली आणि गेला. त्याच्या पेढ्यांचा डबा तसाच राहिला, आणि प्रतिक्षाला त्या डब्याकडं बघवेना. त्यानं म्हटलं त्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. त्या दिवशी नोव्हेंबरात सकाळची एक वेळ रिकामी होती. तिनं ती ठेवली होती, नागपूरचं कुणी आलंच तर, म्हणून.

दिवसभर तिनं दुसरं काम घेतलं नाही. रोलरवर चाकांनी मारलेला जोर कॉम्प्युटर वेगळा साठवतो, हवेचं देणं-घेणं त्याच्यावर नंतर चढतं. तिनं तेवीस गाड्यांचं ते वरचं सोलून काढलं, त्या-त्या सकाळची थंडी धरली आणि नवी यादी केली. दोनशे साठच्या वर नऊ गाड्या उरल्या. चौदा खाली. शेवटी तिनं भूपेशची गाडी यादीत घातली, उत्सुकता म्हणून नाही, हिशोब पुरा व्हावा म्हणून. ती दहाव्या नंबरला बसली. अखिलेशची गाडी दोनशे त्रेसष्टवरून दोनशे अठ्ठेचाळीसवर, एकविसावी.

दिवेलागणीला तिनं यादी क्लबच्या ग्रुपवर टाकली. सोबत लिहिलं: "दिवाळीपासून मी दिलेले सकाळचे सगळे आकडे चुकीचे आहेत. हवा मोजायची डबी मी स्वतः चुकीच्या जागी लावली होती. खरे आकडे खाली आहेत. ज्यांना शंका असेल त्यांनी या, पुन्हा मोजून देते. चूक माझी आहे. प्रतिक्षा मेश्राम, साकोली." तीच यादी तिनं भूपेशलाही पाठवली.

"बेटा, एसटीत असताना मी एक बस चुकीनं पास केली होती," बाबा जेवताना म्हणाले. "फाट्यावरून परत आणली मोटरसायकलवर पाठलाग करून. पॅसेंजर मारायले धावले होते." तिला तेवढं पुरे झालं.

दुसरा दिवस वाईट गेला. आठची गाडी आली नाही. दहाच्यानं फोन करून नाही म्हटलं. ग्रुपवर एकानं लिहिलं, गाव ते गावच. दुसऱ्यानं लिहिलं, नागपुरातच मोजून घ्यायला पाहिजे होतं, मासोळीवाल्याच्या गावाकडं कशाला गेलो. एका म्हाताऱ्या डॉक्टरसाहेबांनी तेवढं लिहिलं की पोरीनं स्वतःहून सांगितलं, हे तुमच्या-माझ्यात किती जण करतील? त्याला कुणी उत्तर दिलं नाही. प्रतिक्षानं डबीसाठी बाहेर ओसरीला जाळीचा पिंजरा बसवला, वानरांचा हात जाणार नाही असा, आणि खिडकी विटांनी बुजवून घेतली. काम करताना रडू येत होतं. तिनं ते येऊ दिलं.

शुक्रवारी दुपारी गोदामासमोर पिकअप थांबला. भूपेश. बाजारातून परत येत होता, अंगाला मासोळीचा वास, पायात रबरी बूट. आत आला आणि उभाच राहिला.

"दहावा आहो मी," तो म्हणाला.

"हाव."

"चौदा जनं माझ्या मागं." तो यादी फोनवर वर-खाली सरकवत होता, जणू मधून कुणी पळून जाईल. "परवा मी लय बोललो, ताई."

"खरंच बोलले. सकाळची वेळ रिकामी होती त्या दिवशी. मी नाही देल्ली तुमाले."

भूपेशनं मान वर केली. हे त्याला माहीत नव्हतं. तो काही बोलणार तेवढ्यात तिचा फोन वाजला. अखिलेश. दोन दिवसांत पहिल्यांदाच. तिचे हात ग्रीसनं भरलेले, तिनं कोपरानं स्पीकर लावला.

"मॅडम, टेन्शन घेऊ नका," अखिलेशचा आवाज मोकळा, हसरा. "काल रात्री कमिटी बसली होती. चौदा जणांना बाहेर काढणं काही बरं दिसत नाही ना. तर आपण लिमिट दोनशे पंचेचाळीस केली. सगळे आत! आणि हो, तो तुमचा करडीचा भूपेश, तो पण आपोआप आत आला. सांगून द्या त्याला. रविवारी ये म्हणा."

प्रतिक्षा भूपेशकडं बघायला लागली. ज्यासाठी तीन महिने चालले होते ते मिळालं होतं, आणि त्याच्या चेहऱ्यावर आनंदाची एक रेघ नव्हती. तो फोनजवळ आला.

"साहेब, भूपेशच बोलून राहिलो."

"अरे भूपेश! बधाई हो, यार!"

"हाव. एक इचाराचं होतं." आवाज अजिबात चढलेला नव्हता. "मले तीन घोडे कमी होते. तीन महिने तुमी म्हनले, नियम खाली नाही येत. आता तुमाले सोताले कमी पडले, त तो पंधरा घोडे खाली आला. दोन दिवसात. कसा आला जी?"

अखिलेशचा हसरा आवाज एकदम उतरला.

"तसं नाही रे, भूपेश... कमिटीचं होतं ते..."

"रविवारी येतो मी. फकत गाड्या आकड्यानं लावजा. मी दहाव्या जागी उभा राहीन. तुमची जागा यादीत पाहून घेजा."

पलीकडून "ठीक आहे" असं काहीतरी आलं आणि फोन बंद झाला.

प्रतिक्षानं हात पुसले. तिला एकदम हसू आणि रडू दोन्ही आलं होतं, आणि भूपेशसमोर यातलं काय करावं ते कळेना. "भाऊ, मी बी त त्यायच्यातलीच झाली," ती म्हणाली. "मोठ्या लोकाईसाठी वेळ राखून ठेवली."

"नाही, ताई," भूपेश म्हणाला. "तुमी चुकल्या, त चुकली म्हनल्या. सगळ्यायसमोर, नाव लिहून. ते चुकले, त त्यायनं नियम बदलला."

बाहेर पिकअपच्या पेट्यांतून बर्फाचं पाणी टपटप गळत होतं. उरलेली मासोळी अजून साकोलीच्या बाजारात द्यायची होती, म्हणून तो घाईनं निघाला.